पदरावरचा पिवळा डाग

पिवळा रंग मला हल्ली सहन होत नाही, आणि पंचाईत अशी की आयर्लंडात झाडपाल्यातून फुकट मिळणारा रंग बहुतेक पिवळाच असतो. फर्झच्या काटेरी झुडपांची फुलं उकळली की पिवळा. बर्चची पानं, कांद्याची सालं, रस्त्याकडेच्या गवती फुलांचे भारे, सगळे पिवळे, फार तर मातकट. लाल हवा तर मंजिष्ठा बाहेरून मागवावी लागते. आणि काळा, अगदी खरा काळा, हवा असेल तर ओढ्याच्या चिखलात कोपरापर्यंत हात घालावे लागतात. त्या काळ्याच्या नादात आमच्या घरात जे घडलं ते सांगते.

आमचं घर ब्लँचर्डस्टाउन या उपनगराच्या बाहेरच्या अंगाला आहे. पुढे बसचा रस्ता, मागे एक ओढा आणि त्यापलीकडे शेतं. नवरा सरकारी इस्पितळात भूलतज्ज्ञ. मी ग्रँड कॅनाल डॉकच्या एका काचेच्या इमारतीत बरीच वर्षं सॉफ्टवेअर लिहिलं आणि मग एक दिवस कंटाळून सोडलं. तेव्हापासून जुन्या सुती साड्या रंगवते, थरावर थर घालून हाताने टाके घालते आणि भिंतभर मोठ्या गोधड्या करते. साड्या आईच्या. त्या धुऊन धुऊन इतक्या मऊ झालेल्या असतात की रंग पटकन पितात. नातेवाइकांच्या मते हे डॉक्टर नवऱ्याच्या जिवावरचे चोचले आहेत. असतील. माझी परसातली शेड रंगाच्या पातेल्यांनी भरलेली आहे आणि तिथलं एकही पातेलं, चमचा, गाळणं स्वयंपाकघरात यायचं नाही, हा माझा एकमेव कडक नियम.

आई कोकणातली, सिंधुदुर्गातल्या एका खेड्यातली. तिला रानातलं काय खायचं आणि काय नाही हे कुणी शिकवलेलं नव्हतं, ते तिला येतच होतं, जसं आपल्याला जिना उतरता येतो. पहिल्यांदा ती आली तेव्हा उन्हाळा होता. सुरुवातीला माझ्या पातेल्यांच्या वासाने नाकाला पदर लावायची. मग एक दिवस माझ्याबरोबर ओढ्याकाठी आली आणि मी मुळांसाठी उपटलेल्या एका रोपाचं पान तिने हातात घेऊन चुरगाळलं.

"हो चुको मां गो!" ती म्हणाली, आणि ते पान तोंडात घालून चावायला लागली.

मी तिचा हात ओढला. पण ती बरोबर होती. ते रोप चुक्याच्याच कुळातलं निघालं. संध्याकाळी तिने त्याची डाळ घालून आंबट भाजी केली आणि माझी लेक, जी मराठी सगळं समजते पण उत्तर आयरिश इंग्रजीतच देते, ती दोनदा मागून जेवली. "इट्स ग्रँड, आजी," म्हणाली. ग्रँड म्हणजे इथे नुसतं छान, हे आईला तेवढ्यात कळलं आणि मग ती प्रत्येक गोष्टीला ग्रँड म्हणायला लागली.

त्या उन्हाळ्यात ती एकदाही चुकली नाही. खाजणारी पानं कशी उकळली की खाज जाते, कुठली बोरं पिकली की तोडायची, कुठल्या आळंब्यांकडे बघायचंसुद्धा नाही. ती बरोबर ठरली की सगळे खूश व्हायचे, नवरासुद्धा. मी मात्र दर वेळी जास्त घाबरत गेले. कारण ती कधीतरी चुकली असती तर सावध झाली असती. "अगं, हा देश वेगळा आहे," मी म्हणायचे. तिचं उत्तर ठरलेलं होतं. "रान खयचा पण असांदे, रान ता रानच."

पलीकडच्या शेतावर एक म्हातारी बाई एकटी राहते. नवरा गेल्यावर तिने गाई विकल्या, पण बोलते अजून गाईंबद्दलच. काळ्या रंगाचं तिनेच मला सांगितलं: ओढ्यातल्या पिवळ्या फुलांच्या आयरिसची मुळं उकळायची, त्यात गंजलेल्या खिळ्यांचं पाणी घालायचं. तिच्या आजीने असे लोकरीचे मोजे रंगवले होते म्हणे. त्याच दिवशी तिने काठीच्या टोकाने मला दुसरं एक झाड दाखवलं. माणसाच्या छातीइतकं उंच, पांढऱ्या फुलांच्या छत्र्या, पानं अगदी कोथिंबिरीसारखी.

"हिला हात लावायचा नाही," ती म्हणाली. "हिची मुळं चिरली की पिवळी पडतात. आम्ही त्यांना मेलेल्या माणसाची बोटं म्हणतो. पूर येऊन काठ ढासळला की मुळं उघडी पडतात आणि गाई खातात. सकाळी चरायला सोडलेली गाय संध्याकाळी पाय ताठ करून पडलेली मी बघितली आहे."

मी त्याच संध्याकाळी आईला तिथे नेलं आणि ते झाड दाखवलं. तिने नीट बघितलं, मान डोलावली. "कोथमिरीसारखा दिसता मां? पण वास वायट." मला हायसं वाटलं. तिला ओळख पटली होती. म्हणजे पानाफुलांची पटली होती. जमिनीखाली काय आहे ते ना मी उकरून दाखवलं, ना तिने बघितलं. उकरणार कोण?

दुसऱ्या खेपेला आई आली ती हिवाळ्यात. मला एका मोठ्या गोधडीसाठी काळा हवा होता. त्या गोधडीच्या मध्ये एक विहीर येणार होती, वरून बघितल्यासारखी, आणि विहिरीचं पाणी काळंच पाहिजे. फेब्रुवारीत मोठं वादळ आलं. आमचं कुंपण पडलं, ओढा फुगून शेतात शिरला. पाणी उतरल्यावर मी बघायला गेले तर काठाचा मोठा तुकडा कापून काढल्यासारखा गेला होता आणि चिखलात मुळंच मुळं, वर पान नाही की फूल नाही. एरवी एक मूळ काढायला अर्धा दिवस जातो. मी हातमोजे घालून आयरिसची तेवढी वेचली आणि पिशवी भरून घरी आणली.

आई शेडच्या दारात खुर्ची टाकून बसली. मी मुळं धूत होते, ती एकेक हातात घेऊन बघत होती. जाड, गाठीगाठींचं, आडवं वाढणारं, आतून गुलाबीसर. बघता बघता तिने मूळ मनात बसवलं, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "एवढा बस मां?" तिने विचारलं. मी म्हटलं, अजून इतकंच लागेल, बघू, पुढच्या आठवड्यात जाईन.

दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र होती. आईचा निर्जळी नाही, पण कडक उपास असतो. देवाला नैवेद्य दाखवायचा आणि मग जे खायचं ते कंदमूळ. आमच्याकडे त्या दिवशी कणगी लागते. कणगी म्हणजे वेलाला जमिनीखाली लागणारे कंद, बोटांएवढे, केसाळ सालीचे, एका जागी झुबक्याने. मीठ घालून उकडायचे, साल सोलून खायचे. आईच्या परसात त्या वेलाची एक पूर्ण रांग आहे. आदल्या दिवसापासून ती हळहळत होती की यंदा शिवरात्रीला कणगी नाही. मी इंडियन दुकानातून रताळी आणली होती. तिने ती बघून नाक मुरडलं.

मी लेकीला शाळेत सोडलं आणि तशीच शहरात गेले. गोधड्या मांडायला एक हॉल बघायचा होता. ते काम लांबलं. बसने घरी यायला दुपार झाली. आकाश खाली आलं होतं, पाऊस नव्हता, वाराही नव्हता. वादळानंतर असे दोन-तीन दिवस येतात, तेव्हा इथलं सगळं श्वास रोखून धरल्यासारखं असतं. घराच्या मागच्या दाराशी आईचे चिखलाने माखलेले बूट होते. माझे, खरं तर. तिच्या पायाला मोठे होतात, तरी घातले होते.

दार उघडलं तर वास आला. काहीतरी उकडल्याचा, गोडसर, सूपमध्ये घालतात त्या पांढऱ्या गाजरांसारखा. रताळी असतील, मला वाटलं.

"खय होतंस?" आई शेडमधून म्हणाली. "हय ये. तुझा काळा आणलंय बघ."

शेडमध्ये आयरिसची मुळं रचून ठेवलेली होती, स्वच्छ धुतलेली. माझ्या पिशवीपेक्षा जास्त. ती सकाळी एकटीच ओढ्यावर गेली होती, या वयात, त्या चिखलात, माझ्या रंगासाठी. मला भरून आलं. मी तिला रागावणारही होते, घसरून पडली असतीस तर, असं तोंडातून निघणारच होतं. आणि मग ती वळली आणि तिचा पदर दिसला.

फिकट राखाडी सुती साडी होती. पदराच्या टोकाला पिवळे डाग होते, हात पुसल्यासारखे. चार बोटांचे.

रंग करणाऱ्या माणसाला एक वाईट सवय असते. कुठलाही डाग दिसला की तो कशाचा, हे आधी मनात येतं. हळदीचा पिवळा वेगळा, तो उजेडात उठून दिसतो. कांद्याचा वेगळा. आयरिसचं मूळ चिरल्यावर पिवळं पडतच नाही, तपकिरी होतं. हा पिवळा तेलकट होता आणि त्याला मातकट कड होती. तो मी कधी बघितलेला नव्हता, फक्त ऐकलेला होता.

"आई, तू काय चिरलंस?"

तिचा चेहरा फुलला. ती याच प्रश्नाची वाट बघत होती. "माका हय कणगी गावली गो! काठावर, झुबकेच्या झुबके! साल इतकी बरी, केससुदीक नाय. हयली माती तशी असात."

मी तिला ढकलूनच स्वयंपाकघरात गेले. आमचा देव्हारा स्वयंपाकघरातल्या एका प्रेसमध्ये आहे. कपाटाला इथे प्रेस म्हणतात, आणि आता मीही म्हणते. प्रेसचं दार उघडं होतं, समई लावलेली होती. पिंडीपुढे वाटीत उकडलेले कंद, सोललेले, पांढरे, बोटांसारखे. गॅसवर पातेल्यात अजून होते. ओट्यावर झाकण घातलेली एक छोटी ताटली.

"ती चेडवासाठी," आई मागून म्हणाली. चेडू म्हणजे माझी लेक. "मोठ्यो काढून ठेवलंय. शाळेतसून येतली तेवां खाईत."

"तू खाल्लंस?"

"देवाक दाखवलंय, मगे एक खाल्लंय. तुझी वाट बघी होतंय."

मी किंचाळले. काय बोलले ते मला आठवत नाही, आईला आठवतं आणि ती अजून ते कुणाला सांगत नाही. तिला वाटलं मी उपासाच्या दिवशी तिच्यावर ओरडते आहे, देवाच्या नैवेद्याला विष म्हणते आहे. ती रागावली. "माका काय होणा नाय. जन्म गेलो कणगी खाण्यात," म्हणाली आणि खुर्चीवर जाऊन बसली.

मी आधी अँब्युलन्स बोलावली आणि मग नवऱ्याला फोन लावला. तो ऑपरेशन थिएटरबाहेर होता म्हणून उचलला. त्याचा आवाज एकदम डॉक्टरचा झाला. किती खाल्लं, कधी खाल्लं. उलटी काढायला जाऊ नकोस. तिला कुशीवर झोपव, आजूबाजूचं सामान हलव. एक कंद पिशवीत घालून बरोबर दे, हातमोजा घाल. तो "सामान हलव" का म्हणाला ते मला कळलं, आणि मी खुर्च्या हलवायला लागले. आई माझ्याकडे बघत होती.

"जिभेक कसासाच लागता गो," ती म्हणाली. आता आवाजात राग नव्हता.

मी तिला जमिनीवर कुशीवर घेतलं. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तिने तोंड पुसायला पदर उचलला आणि मी तो तिच्या हातातून ओढून घेतला. मग तिचा जबडा आवळला. डोळे उघडे होते पण त्यांत ती नव्हती. पाय ताठ झाले. माझ्या डोळ्यांसमोर ती शेतातली गाय आली आणि मी स्वतःला शिव्या दिल्या, आईला बघून गाय कशी आठवते. झटके थांबले, परत आले. समई जळत होती. बाहेर कुणाच्या तरी मुलांचा फुटबॉल भिंतीवर आपटत होता.

अँब्युलन्स लवकर आली. आलेल्या मुलाने पातेल्यात बघितलं, पिशवी नाकाजवळही नेली नाही, आणि आपल्या जोडीदारिणीला हळूच काहीतरी सांगितलं. पलीकडची म्हातारी आवाज ऐकून आली होती. तिने ओट्याकडे बघितलं आणि छातीवर क्रूसाची खूण केली. लेकीला शाळेतून तीच घेऊन आली. त्याआधी तिने झाकलेली ताटली उचलून, पातेल्यासकट, कुठेतरी नेऊन पुरली. मी कुठे ते विचारलं नाही.

आई वाचली. अतिदक्षता विभागात काही दिवस गेले, जीभ चावली गेली होती, खांदा दुखावला होता, पण वाचली. नवऱ्याचं म्हणणं, एकच खाल्ला आणि उकडलेला होता म्हणून. गावाकडच्या मावश्यांचं म्हणणं, आधी नैवेद्य दाखवला म्हणून. महादेवाला विष प्यायची सवयच आहे, त्याने आपल्यावर घेतलं. व्हॉट्सअ‍ॅपवर हात जोडलेल्यांची रांग लागली. मला त्या सगळ्यांचा संताप आला. पण हेही खरं की नैवेद्यासाठी ती थांबली नसती, माझ्यासाठी थांबली नसती, तर तिने ते पातेलं बसल्या बैठकीला संपवलं असतं. आणि ती ताटली.

तिला घरी आणल्यावर मी शेडमध्ये गेले. तिने आणलेली मुळं तशीच पडून होती. हातमोजे घालून मी एकेक तपासलं, चिरून बघितलं, उजेडात धरलं. सगळी आयरिस. एकसुद्धा चुकीचं नव्हतं. जे तिने आदल्या दिवशी पहिल्यांदा बघितलं होतं ते तिने बिनचूक ओळखलं, आणि जे आयुष्यभर हातात घेतलं होतं त्यानेच तिला फसवलं. मी तिथे बादलीवर बसून रडले.

त्यानंतरचे दिवस मला जास्त जड गेले. आई खिडकीत बसून असायची. ओढ्याकडे बघायची नाही. जेवायला बसली की प्रत्येक पानाकडे बोट दाखवून विचारायची, ह्या काय? दुकानातली, पाकिटातली कोथिंबीरसुद्धा ती बोटाने ताटाच्या कडेला सारायची. लेक तिच्यासमोर एकेक घास आधी स्वतः खाऊन दाखवायची, "सी, आजी? ग्रँड." आई हसायची आणि मग खायची. मला ते बघवायचं नाही. परत जायच्या दिवशी विमानतळावर तिने आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले, जसे दुसऱ्या कुणाचे असावेत, आणि पिशवीची मूठ धरली.

ती साडी तिने इथेच ठेवली. मी धुतली, साबण, व्हिनेगर, ऊन, सगळं करून पाहिलं. डाग गेला नाही. तुरटी नाही, लोखंड नाही, काही न लावता इतका पक्का रंग मी अजून कशातून काढलेला नाही. शेवटी तिच्याच मुळांच्या काळ्यात ती पूर्ण साडी बुडवली. विहिरीचं पाणी झालं. गोधडी भिंतीवर लागली तेव्हा लोक जवळ जाऊन विचारायचे, हा काळा कशाचा? मी सांगायचे, आयरिसचा. एका कोपऱ्यात तो काळा जरा हिरवट दिसतो. ते कुणी विचारलं नाही.

यंदा शिवरात्रीला आईने व्हिडिओ कॉल लावला. ती कधी स्वतःहून लावत नाही. परसात, वेलाच्या रांगेपाशी, मातीत बसली होती. खणून काढलेला झुबका समोर, कुदळ बाजूला. हे वेल तिने स्वतः लावलेले, त्याआधी तिच्या सासूने. तिने एक कंद उचलून फोनच्या इतका जवळ धरला की पडद्यावर नुसती माती दिसली.

"बघ गो," ती म्हणाली. "ही कणगीच मां?"

मी हसून उडवायला गेले, पण तिचा चेहरा बघितला आणि हसू आलं नाही. मी हजारो मैलांवर, स्वयंपाकघरात उभी, मला त्या मातीचा वास येत नव्हता, वजन कळत नव्हतं. "आई, चिर," मी म्हटलं. तिने विळी आणून मधोमध चिरला आणि दोन्ही भाग फोनपुढे धरले. आतून पांढरा. आम्ही दोघी थांबलो. तिच्याकडे कोंबडा आरवला, माझ्याकडे केटल उकळून बंद झाली. पांढरं पांढरंच राहिलं. मी अजून थोडं बघितलं. आई माझ्या तोंडाकडे बघत होती.

"कणगीच आहे," मी म्हटलं. "खा."

एवढं म्हणताना माझा फोन धरलेला हात हलत होता, आणि ते तिला तिकडे दिसलं असणार, कारण तिने दोन्ही तुकडे मातीत ठेवून दिले.